एकशे बारा मुंडकी

मोहनराव कुठलीही वस्तू घेताना ती आधी हातात धरून वर-खाली करायचे. कलिंगड असो, कुलूप असो, नाहीतर नातीची पाण्याची बाटली असो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला तुम्ही दुसरं काय शिकवणार? उसाची गाडी लांबून येताना दिसली की ते वजन सांगायचे, मग काटा सांगायचा, आणि दोघांत फारसा फरक नसायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खोड काही गेली नव्हती. "वजनाला भरतो तो माल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांची बायको मुक्ताबाई ते ऐकून इतकी विटली होती, की दुकानदारासमोर ह्यांनी तोंड उघडायच्या आत तीच म्हणून टाकायची आणि पुढं व्हायची.

तर अशा माणसाला त्यांच्या सुनेनं, वृषालीनं, एका सोमवारी इंदापूरहून बारामतीला पाठवलं. कशाला, तर कॉम्प्युटरची डिस्क आणायला.

वृषालीचं आधी सांगायला पाहिजे. इंदापूरच्या एसटी स्टँडजवळ तिचं 'श्रेया डिजिटल' नावाचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बोर्ड, अभिनंदनाचे, यात्रेचे, श्रद्धांजलीचे, सगळं ती कॉम्प्युटरवर तयार करायची आणि छापायला बारामतीला धाडायची. नवरा ज्ञानेश लोणी देवकरला कंपनीत, कधी पहिल्या पाळीला तर कधी दुसऱ्या. दुकान काढते म्हणाली तेव्हा भावकीत कुजबुज झाली, सून स्टँडवर बसणार म्हणून. त्या वेळी मोहनरावच म्हणाले होते, "बसंल की. मी तिच्या शेजारी बसतो, मग तर झालं?" आणि खरंच बसले. रोज दुपारी चार ते सात, काउंटरच्या कडेला खुर्ची टाकून. नोकरी संपल्यावर माणसाला रोज कुठंतरी जावं लागतं, नाहीतर घरातली भांडीसुद्धा त्याच्याकडं बघून आवाज करायला लागतात.

दुकानाची खरी पुंजी म्हणजे 'मुंडकी'. दचकू नका. बोर्डावर माणसांचे फोटो लागतात, आणि प्रत्येक फोटोतली मागची भिंत, झाड, खांद्यावर हात टाकलेला मेव्हणा, हे सगळं कापून नुसतं डोकं आणि खांदे ठेवावे लागतात. पाच वर्षांत वृषालीनं तालुक्यातली चौदाशे माणसं अशी कापून एका फोल्डरमध्ये घालून ठेवली होती आणि फोल्डरला नाव दिलं होतं 'मुंडकी'. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "ताई, आपली सगळी मंडळी टाका," की ही पाच मिनिटांत मंडळी टाकून मोकळी. ह्याच्या जोरावर दुकान चालत होतं. स्टँडच्या पलीकडच्या दुकानात मशीन भारी होतं, पण मुंडकी नव्हती.

आता तिचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सकाळी बटण दाबावं, घरी जाऊन चहा पिऊन यावं, तेव्हा कुठं तो डोळे उघडायचा. बारामतीला नवा सांगितला होता, तो आठवड्याभरात येणार होता. जुना मोहनरावांनी आपल्या बहिणीला, पळसदेवच्या प्रयागबाईला, कबूल केला होता, तिच्या घरी पोरांच्या अभ्यासाला. तेव्हा जुन्यातलं सगळं एका डिस्कवर काढायचं, आणि डिस्कवरून नव्यात भरायचं, असा बेत.

वृषालीनं चिठ्ठी लिहून दिली. "एक टीबी, एसएसडी, पक्कं बिल. आणि मामा, भिगवण रोडच्या दुकानातनंच घ्या. दुसरीकडं बघू नका."

"मी काय आज वस्तू घ्यायला लागलोय व्हय?" मोहनराव म्हणाले, आणि एसटीत बसले.

भिगवण रोडच्या दुकानातल्या मुलीनं चिठ्ठी वाचली आणि काडेपेटीएवढी एक वस्तू त्यांच्या तळहातावर ठेवली. मोहनरावांनी हात वर-खाली केला. हाताला काही कळलंच नाही. त्यांनी डोळे मिटून परत तसंच केलं. तरी नाही.

"ह्यात हाय काय?"

"काका, एक टीबी आहे. आत फिरणारं काही नाही, हातातनं पडली तरी काही होत नाही. फाईलीपण पटापट जातात."

"आन् ही?" त्यांनी शेजारच्या जरा जाड डबीकडं बोट केलं.

"ती जुन्या पद्धतीची. आत चकती फिरते. जागा दुप्पट आणि पैसेही कमी, पण हळू चालते, आणि आपटली की गेली. तुमच्या चिठ्ठीत पहिली लिहिलीय, तीच न्या."

मुलगी सरळ होती, बोलत होती ते खरं होतं. पण मोहनरावांचा हात ऐकेना. आठ हजारांची वस्तू, आणि हातात घेतली तर रिकाम्या करंजीएवढीही भरेना. "विचार करून येतो," म्हणाले आणि दुकानाची पायरी उतरले. आपल्याकडं विचार करून येतो म्हणणारा माणूस कधी परत आलाय का?

बारामतीच्या स्टँडबाहेर एका हातगाडीवर चार्जर, मोबाईलची कव्हरं, हेडफोन असला पसारा होता. त्यात एक लोखंडी डबी. काळीभोर, कडांना चकाकी, आणि वर मोठ्या अक्षरात सोळा टीबी. मोहनरावांनी ती उचलली आणि त्यांचा चेहरा उजळला. भरली की हाताला. पावशेराच्या आसपास.

"सोळा?" त्यांनी विचारलं.

"सोळा, तात्या. मिलिट्रीत हीच वापरतात. दीड हजार."

काडेपेटी एक टीबी आठ हजार, आणि हा लोखंडाचा ठोकळा सोळा टीबी दीड हजार. आता तुम्हीच सांगा, बत्तीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसानं काय करावं? मोहनरावांनी तेच केलं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ते वाटभर स्वतःवर खूश होते.

वृषालीनं डबी बघून कपाळाला आठी घातली. "मामा, चिठ्ठीतली न्हाय आणली?"

"ती हलकी होती गं. ही बघ धरून."

तिनं धरली. सासऱ्यानं एवढ्या हौसेनं आणलेला माल, परत करा असं कसं म्हणायचं? जोडून बघितली तर स्क्रीनवर सोळा टीबी दाखवत होतं. मग तिलाही वाटलं, असेल बाबा. दोन दिवस जुना कॉम्प्युटर आणि डबी एकमेकांना जोडून ठेवली, आणि सगळं त्यात गेलं. तिनं यादी ताडून बघितली, फाईलींचा आकडा जुळला. वरच्या तीन-चार फाईली उघडून बघितल्या, उघडल्या.

"गेलं का सगळं?" मोहनरावांनी विचारलं.

"गेलं, मामा."

इथं मोहनरावांनी दुसरी गोष्ट केली, आणि ती त्यांच्या दृष्टीनं संस्काराची होती. दुसऱ्याच्या घरी भांडं द्यायचं ते घासून-पुसून द्यावं, खरकटं देऊ नये. कॉम्प्युटर बहिणीकडं जाणार, मग तो तसाच कसा द्यायचा? वृषाली पत्रिका पोचवायला दिवसभर बाहेर गेलेली बघून ते बसले. सगळं साफ करायचं बटण त्यांना ज्ञानेशनं एकदा मोबाईलवर दाखवलं होतं, इथंही तसलंच सापडलं. मशीननं विचारलं, नुसत्या फाईली काढू, की डिस्क पूर्ण स्वच्छ करू? मोहनराव मनात म्हणाले, वरवर पाणी मारणारे आम्ही न्हाय. पूर्ण स्वच्छ. पाच तास मशीन घुरघुरत होतं. दुसऱ्या दिवशी पळसदेवच्या टेम्पोत बसवून पाठवूनही दिलं.

पुढच्या सोमवारी नवा कॉम्प्युटर आला. मुक्ताबाईनं त्याला हळदकुंकू लावलं, पेढा ठेवला. वृषालीनं डबी जोडली. 'अभिनंदन' फोल्डर उघडला, झकास. 'जागरण गोंधळ', झकास. 'पत्रिका' निम्म्या उघडल्या, निम्म्या नाहीत. तिचा हात थांबला. मग तिनं 'मुंडकी' उघडलं.

नावं सगळी होती. चौदाशेच्या चौदाशे, ओळीनं. पण ज्या नावावर बोट ठेवावं तिथं करडा चौकोन. एकाचंही तोंड दिसेना.

शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं बारीक स्क्रू काढून डबी उघडली. आत नखाएवढं एक कार्ड होतं, त्यात दिवाळीतले फोटोसुद्धा धड मावले नसते. आणि त्या कार्डाच्या दोन्ही बाजूंना डिंकानं चिकटवलेले लोखंडी नट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतात तसले, चार.

"वजनासाठी घालतात, तात्या," दुरुस्तीवाला म्हणाला. "हाताला भरावं म्हणून. आणि आतलं कार्ड खोटंच सांगतं, मावलं, मावलं म्हणून."

मोहनरावांनी त्या नटांकडं बघितलं. अहो, उसाच्या मोळीत धोंडा घालून आणणारे किती गाडीवाले त्यांनी बत्तीस वर्षांत पकडले होते. नुसत्या चाकाच्या आवाजावरून ओळखून म्हणायचे, "काढ रं तो, कुठं ठेवलाय." एकालाही दाद दिली नव्हती. आणि आता ह्या वयात, पेन्शन खात असताना, एका हातगाडीवाल्यानं त्यांना स्वतःच्याच काट्यावर फसवलं होतं.

"आणि जुना कॉम्प्युटर?" वृषालीनं हळूच विचारलं. "त्यात असंल की अजून."

मोहनरावांनी सांगितलं. घासून-पुसून, पूर्ण स्वच्छ. सांगताना त्यांचा आवाज खाली खाली गेला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "असू द्या, मामा," आणि नव्या कॉम्प्युटरच्या रिकाम्या स्क्रीनकडं बघत बसली. कारण काय, तर टेबलावर बोरवाडीची यादी पडली होती. बोरवाडीच्या यात्रेचा बोर्ड, वीस फूट बाय दहा फूट, वेशीत लागणार. यात्रा कमिटीचे अध्यक्ष विजयसिंह स्वतः येऊन यादी देऊन गेले होते. एकशे बारा नावं, मानानुसार. गुरुवारी दुपारी फाईल बारामतीला छापायला गेली पाहिजे, शुक्रवारी बोर्ड वेशीत उभा राहिला पाहिजे, शनिवारी यात्रा. ह्या कामावर पुढची दोन वर्षं बोरवाडीचं सगळं काम येणार होतं. नाही झालं तर पलीकडचं दुकान टपूनच बसलं होतं. आणि भावकीही.

मोहनराव घरी गेले आणि त्या दिवशी चार वाजता नेहमीप्रमाणं परत दुकानात आले. त्यांच्या खुर्चीवर नव्या कॉम्प्युटरचं रिकामं खोकं ठेवलेलं होतं. मुद्दाम ठेवलं नसेल, जागा नव्हती म्हणून ठेवलं असेल. वृषाली फोनवर कुणाशी तरी बोलत होती, तिनं वर बघितलं नाही. मोहनराव दारातच दोन मिनिटं उभे राहिले, मग स्कूटीला किक मारून सरळ पळसदेवला निघाले. मनात एकच वेडी आशा, मशीनच्या कोपऱ्याकापऱ्यात काही राहिलं असलं तर.

काही राहिलं नव्हतं. प्रयागबाईच्या ओसरीवर कॉम्प्युटर लख्ख होता, आत काहीच नाही. मोहनरावांनी बहिणीला सगळं सांगितलं. चिलापीचं कालवण ताटात होतं, पण त्यांनी हात लावला नाही. प्रयागबाई शेवटपर्यंत ऐकून घेणारी बाई नव्हे, पण ह्या वेळी तिनं ऐकलं.

"म्हंजी फोटू गेले," ती म्हणाली.

"चौदाशे."

"आन् ती चौदाशे माणसं?"

"ती कुठं जात्यात?"

"मग रडतुयास कशाला, दादा? मुंडकी गेली, माणसं हायेत की जाग्यावर. जाऊन परत काढ. आन् आधी जेव, मासा गार झाला."

मोहनरावांनी जेवण केलं. तिखट होतं, त्यामुळं डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी बहिणीला सांगितलं.

मंगळवारी उजाडायला ते बोरवाडीच्या रस्त्याला लागले होते. मागं मुक्ताबाई, मांडीवर घडी घातलेली पांढरी चादर घेऊन. ज्ञानेशनं दिवाळीला दिलेला मोबाईल खिशात, त्याचा कॅमेरा चांगला होता. सुनेला काही सांगितलं नव्हतं. सांगणार काय, तिनं 'कशाला' म्हटलं असतं तर पाय निघाला नसता.

पहिलं घर जोतीरामआबांचं. वय पंच्याहत्तर, यादीत दुसरा मान. गेली पाच वर्षं ते बोर्डावर काळ्याभोर केसांनी झळकत होते, कारण फोटो वीस वर्षांपूर्वीचा होता.

"तोच टाक की," आबा म्हणाले.

"तो गेला, आबा."

"गेला? मग मी कोण हाय?"

"तुमी हाय की. म्हणून तर आलो."

आबांनी डोक्यावरनं हात फिरवला. तिथं आता काही उरलं नव्हतं. नुसत्या टकलानं ते वेशीत उभं राहायला तयार होईनात. शेवटी नातवाच्या लग्नातला केशरी फेटा ट्रंकेतून निघाला. मुक्ताबाईनं मागं चादर ताणून धरली, मोहनरावांनी फोटो काढला. फेटा सोडायच्या आत शेजारचे एक म्हातारे आले, त्यांनी आबांकडं बघितलं, स्वतःच्या टकलाकडं बोट केलं आणि म्हणाले, "आमाला न्हाय व्हय?" बोरवाडीत बातमी पसरायला मोबाईल लागत नाही. दुपारपर्यंत तो एकच फेटा अकरा डोक्यांवर बसून आला होता.

लोकांच्या अटी काही संपेनात. एकाला मिशीला कलप लावून येईपर्यंत थांबायचं होतं. एक म्हणाला, माझा डावीकडनंच काढा, उजवीकडनं मी भावासारखा दिसतो, आणि भाऊ म्हणाला, देवाचे आभार. एकाला चष्मा काढून पाहिजे होता, पण चष्मा काढला की तो कॅमेरा सोडून भलतीकडंच बघायचा. मुक्ताबाईचे हात दुखायला लागले, पण तिला मजाही यायला लागली. दर घरी चहा. सातव्या चहाला मोहनराव म्हणाले, बास. आठवा तरी झालाच.

संध्याकाळी ते दुकानात गेले आणि काही न बोलता मोबाईल वृषालीसमोर ठेवला. ती थकलेली दिसत होती. तिनं बोरवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो मागवले होते, आणि आले होते ते असे, नातू मांडीवर घेतलेले, समुद्रावरचे, गॉगल लावून घोड्यावर बसलेले, दोघांनी तर चुकून गणपती पाठवला होता. तिनं मोबाईल हातात घेतला. एक फोटो बघितला, दुसरा बघितला, मग भराभर बोट सरकवत गेली. एकोणचाळीस.

"मामा, हा कोण?"

कालच्या त्या 'असू द्या'नंतर तिनं पहिल्यांदाच त्यांना हाक मारली होती. मोहनराव पुढं वाकले. "त्यो सोसायटीचा चेअरमन. आन् ह्यो त्याचा चुलता, पर नाव त्याच्या आधी घ्यायचं."

"आणि ह्या अकरा जणांचा फेटा एकच कसा?"

मोहनरावांनी सांगितलं. वृषाली हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून. हसता हसता तिनं खुर्चीवरचं खोकं उचलून खाली ठेवलं आणि ती पुढं ओढली. "बसा. नावं सांगा, मी लिहिते. तुमच्याशिवाय कुणाला ठावं हाय कोण कोण ते?"

बसल्या बसल्या तिनं चुकाही काढल्या, आणि ते मोहनरावांना हसण्यापेक्षाही बरं वाटलं. "ह्यांचा कान कापला गेलाय. ह्यांच्या डोळ्यांवर ऊन आलंय, म्हणून मिटलेत. भिंतीच्या सावलीत उभं करा, आणि चादर जरा लांब धरा, म्हणजे मागं सावली पडत न्हाय."

"तुझ्या सासूला सांगतो."

"सांगा. आणि फेटा बदला जरा."

बुधवारी ते सरपंचाच्या घरी गेले. यादीत तिसरा मान. सरपंच सिंधुबाई. आजवरच्या बोर्डावर तिथं तिचं नाव आणि वर नवऱ्याचा, महिपतीचा, फोटो असायचा. नाव एकीचं, तोंड दुसऱ्याचं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मोहनरावांनाही नाही.

सिंधुबाई गोठ्यात होती. हात पुसत बाहेर आली. "ते न्हाईत घरी, दौंडला गेल्यात. रातच्याला येतील."

मोहनराव वळणार होते. मग त्यांनी यादीकडं बघितलं, मग सिंधुबाईकडं बघितलं. "पर हितं तर सरपंच लिवलंय. सरपंच तुमी हाय न्हवं?"

"हाय की."

"मग उभ्या राहा."

सिंधुबाई जागची हलेना. "चार वर्सं झाली सरपंच होऊन," ती म्हणाली, "फोटू कुणी मागितला न्हवता." आणि आत गेली. मुक्ताबाई चादर घेऊन अंगणात ताटकळली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग ती बाहेर आली, हिरवं लुगडं नेसून, डोईवर पदर, हातात नवं घड्याळ. तिनं कॅमेऱ्याकडं असं बघितलं जसं ग्रामसभेत कुणाला तरी खाली बसवायचंय. पहिलाच फोटो असा आला की मोहनरावांनी दुसरा काढलाच नाही.

गुरुवारी सकाळी उरलेली बारा झाली. मुंडकी कापून कापून वृषालीची बोटं आखडून गेली. ह्या वेळी ज्ञानेश कंपनी सुटल्यावर बारामतीला जाऊन भिगवण रोडच्या दुकानातनं चिठ्ठीतली डिस्क घेऊन आला, आणि तिनं काम तिथं एकदा आणि इंटरनेटवर एकदा, असं दोन ठिकाणी ठेवलं. बियाणं कुणी एकाच कणगीत ठेवत नाही, हे काय सांगायला पाहिजे? दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी फाईल बारामतीला गेली.

शुक्रवारी बोर्ड वेशीत उभा राहिला, तेव्हा निम्मं गाव खाली जमलं होतं. विजयसिंह कमरेवर हात ठेवून वर बघत होते. "ह्यात जोतीरामआबा वळखूच येत न्हाईत," ते म्हणाले.

"फेट्याखाली हायेत," कुणीतरी म्हणालं.

आबा स्वतः बोर्डाखाली उभे राहून नातवाला सांगत होते, "हा मी. खरा मी." अकरा फेट्यांची तर लोकांनी मोजणी केली, आणि प्रत्येकाच्या फेट्याचा तुरा वेगळ्या बाजूला गेलाय, हेही शोधून काढलं. महिपती गर्दीच्या कडेला उभा होता. वरच्या ओळीत बायकोचा चेहरा दिसला तशी त्यानं डोक्यावरची टोपी मागं सारली. विजयसिंहांनी जरा चिंतेनं त्याच्याकडं बघितलं. शेवटी महिपती म्हणाला, "चांगला आलाय. घरी लावायला एक कॉपी मिळंल का?" सिंधुबाई त्याच्या शेजारीच उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही, बोर्डाकडंच बघत राहिली.

मोहनराव मागं, लिंबाच्या सावलीत थांबले होते. पुढं जायला त्यांना धीर होईना. काम झालं होतं, पण बाकीची तेराशे मुंडकी काही परत आली नव्हती, आणि ती त्यांच्या हातनं गेली होती. गाव हे विसरलं असतं, मोहनराव विसरणार नव्हते. बोर्ड लावणाऱ्या माणसांशी बोलून वृषाली त्यांच्याकडं आली.

"मामा, वाचला का बोर्ड?"

"वाचला की. झकास झालाय."

"सगळा?"

"एकशे बारा नावं मीच दिली तुला, आता परत वाचू?"

"खालची ओळ वाचा," ती म्हणाली.

बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात नेहमी बारीक अक्षरात दुकानाचं नाव असतं. ते कुणी वाचत नाही. मोहनरावांनी चष्मा लावला आणि बोर्डाच्या अगदी जवळ गेले. तिथं 'श्रेया डिजिटल, इंदापूर' लिहिलं होतं, आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. सर्व फोटो : आमचे मामा, मोहनराव.

त्यांनी ती एकदा वाचली. मग पहिल्यापासून परत वाचली, कारण मधला एक शब्द त्यांना नीट दिसेना. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

वृषाली शेजारी येऊन उभी राहिली. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही, समोर बोर्डाकडंच बघत बोलली. "वालचंदनगरचं काम आलंय, मंगळवारी जायचंय. पन्नास जणं हायेत. सातला निघायचं का?"

मोहनरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"सहाला निघू," ते म्हणाले. "पन्नास म्हणजे अख्खा दिवस जाईल."